बंब, शेगडी आणि धुराचा रकाना

जुन्या मराठी घरात अग्नीची तीन ठाणी असत. स्वयंपाकघरात चूल, माजघरात किंवा बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, आणि न्हाणीघरात बंब. देवघरातील समईची गणना आम्ही यात करीत नाही, कारण तिचे काम उजेडाचे. या तिन्ही ठाण्यांना लाकूड, कोळसा किंवा गोवरी पुरवावी लागे, तिन्हींची राख काढावी लागे, आणि तिन्हींचा धूर घरातील कोणाला तरी सोसावा लागे. लढायांच्या आणि तहांच्या इतिहासाला आपल्याकडे तोटा नाही. परंतु ज्या विस्तवावर पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न शिजले आणि स्नानाचे पाणी तापले, त्याची हकीगत सलगपणे क्वचितच सांगितली जाते. प्रस्तुत लेखात ती थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

आम्ही पेशाने केंद्र सरकारच्या कचेरीतील कारकून. एखादा तक्ता समोर आला की त्यात कोणते रकाने आहेत हे तर पाहावेच, पण कोणता रकाना मुळात आखलेलाच नाही तेही पाहावे, अशी या पेशाची एक शिकवण आहे. घरगुती अग्नीचा इतिहास चाळताना ती आम्हांस फार उपयोगी पडली. त्या इतिहासात लाकडाचा रकाना अत्यंत जुना आहे. धुराचा रकाना मात्र अगदी अलीकडे आखला गेला, आणि त्यापुढचा, म्हणजे हवेचा रकाना, आजही पुष्कळ घरांत कोराच आहे.

महाराष्ट्रातील चुलीची परंपरा किती मागे जाते, याची साक्ष पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव देते. घोड नदीच्या काठी वसलेल्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कार्याशी निगडित आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे नांदलेल्या वस्तीच्या घरांत चुली आणि भाजण्याची अग्निकुंडे सापडली. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या त्या घरांतील स्त्रीने आजच्या एखाद्या खेड्यातील मातीची चूल पाहिली असती, तर तिला ती अनोळखी वाटली नसती. तीन हजार वर्षांत भांडी बदलली, धान्ये बदलली, राज्ये तर किती बदलली याची गणतीच नाही; चुलीचे तोंड मात्र जवळजवळ तेच राहिले.

‘चूल’ हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’ यावरून आला. हा संस्कृत शब्द मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एका लक्षणीय ठिकाणी येतो. गृहस्थाच्या घरी नकळत हिंसा घडण्याची पाच स्थाने तेथे सांगितली आहेत, त्यांना ‘पंचसूना’ म्हणतात. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर ही ती पाच. चुलीत किडामुंगी जळते, म्हणून तिचा दोष गृहस्थास लागतो आणि त्याच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ करावेत, असा त्या विधानाचा आशय. सूक्ष्म जीवांविषयीची ही दक्षता खरोखरच आदरणीय आहे. तथापि चुलीपुढे दिवसातून दोनदा बसणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांची आणि छातीची नोंद त्या हिशेबात नाही. स्मृतिकारांनी मुंगी मोजली. फुंकणी हाती धरणारी व्यक्ती मोजावयाची राहून गेली.

याचा अर्थ जुन्या लोकांना धुराचे भानच नव्हते असा नव्हे. धाब्याच्या घरांत छताला ‘साणे’ ठेवीत, म्हणजे उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा. कौलारू घरांत कौलांच्या फटींतून धूर आपली वाट काढी. शिवाय धुराचे काही उपयोगही होते. धुरकटलेल्या वाशांना वाळवी लवकर लागत नसे, टांगलेले बियाणे किडीपासून बचावे, पावसाळ्यात ओले कपडे वाळत आणि डासही काहीसे दूर राहत. धुराचा लाभ घराला मिळे आणि धुराची किंमत एकीच्या पदरी पडे. ही वाटणी कोणी ठरवून केलेली नव्हती, म्हणूनच ती इतकी शतके टिकली.

आता बंबाकडे वळू. लाकूड जाळून घरात ऊब निर्माण करणारे खरेखुरे यंत्र मराठी माणसाने वापरले असेल, तर ते हेच. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप यावरून आल्याचे मानले जाते. आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो. आग विझवणारा आणि आग पोटात घेणारा, दोघांनाही एकच नाव पडावे हा भाषेचा गमतीदार योगायोग आहे. न्हाणीघरातील बंब म्हणजे तांब्याचे एक उभे, पोटदार पात्र. त्याच्या मध्यभागी तळापासून माथ्यापर्यंत आरपार गेलेले नळकांडे असते. नळकांड्याच्या बुडाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेसाठी जागा, आणि नळकांड्याभोवती पाणी. बाजूस तोटी, वर पाणी ओतण्याचे झाकण. या नळकांड्यात बारीक फोडलेले जळण घालीत, त्याला ‘बंबफोड’ असे स्वतंत्र नावच होते. वखारीत चुलीचे सरपण वेगळे आणि बंबफोड वेगळी विकली जाई. ढलप्या, नारळाच्या करवंट्या, शेंगांची टरफले, तुरकाट्या यांचाही शेवट पुष्कळदा बंबातच होई.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही या बंबांची एक प्रसिद्ध जन्मभूमी. पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन येथे स्थायिक झालेले तांबट तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके देऊन त्याला आकार, बळकटी आणि चकाकी आणीत. या ठोक्यांच्या कामाला ‘मठारकाम’ म्हणतात. ठोक्यांनी तांबे कठीण होते, म्हणून पातळ पत्र्याचे पात्रही भार सोसते. इकडे पूर्वेस, नागपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान असलेला भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. धातूच्या भांड्यांची मराठी परंपरा अशी पश्चिमेकडून थेट आमच्या या सीमेपर्यंत येऊन पोहोचलेली होती.

बंबाची बांधणी पाहिली की आम्हांस भिलाईचा दुसरा एक धागा आठवतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. या काळात येथे रशियन तज्ज्ञ येऊन राहिले. त्यांच्या देशात चहासाठी पाणी तापवण्याचे जे पात्र घरोघरी असे, त्या ‘सामोवार’चीही बांधणी हुबेहूब अशीच: मध्ये नळकांडे, त्यात निखारे किंवा देवदारवर्गीय झाडांची वाळकी फळे, भोवती पाणी आणि बाजूस तोटी. रशियातील तूला हे शहर सामोवारांसाठी विख्यात असून तेथील लिसित्सिन बंधूंचा कारखाना १७७८ सालचा. तूलाचा कारागीर आणि कसब्यातील तांबट एकमेकांपासून हजारो मैल दूर होते, तरी दोघांच्या हातून एकच युक्ती उतरली.

ती युक्ती अशी. चुलीवर भांडे ज्वाळेच्या वर ठेवलेले असते. ज्वाळा त्याच्या बुडाला चाटून बाजूंनी निसटते आणि बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते. बंबात ज्वाळा पाण्याच्या पोटात असते. तिला जिकडे जावे तिकडे तांब्याची भिंत आणि भिंतीपलीकडे पाणी भेटते. शिवाय उभे नळकांडे स्वतःच धुराड्याचे काम करते. गरम वायू हलके होऊन वर चढतात, त्यांच्या जागी जाळीखालून ताजी हवा ओढली जाते आणि विस्तव फुंकल्याशिवाय पेट घेतो. झोतभट्टीत हेच काम प्रचंड यंत्रे करतात. हवा आधी तापवून भट्टीत सोडली तर इंधन वाचते, हे स्कॉटलंडच्या नीलसनने १८२८ साली दाखवून दिले आणि त्यामुळे लोखंडाच्या धंद्याचे रूप पालटले. न्हाणीघरातील बंब आणि झोतभट्टी यांच्या आकारमानात जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी हवेच्या ओढीवर दोघांचेही जीवन अवलंबून आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. २० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास ८०० किलोकॅलरी उष्णता लागते. हवेत चांगल्या वाळलेल्या १ किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. ती सगळी पाण्यात उतरती, तर पाव किलोपेक्षाही कमी लाकूड पुरे झाले असते. प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीवर साधारणपणे दहावा हिस्साच भांड्यास लागतो, म्हणजे सव्वादोन किलोंहून अधिक लाकूड जळते. तीच उष्णता एक-तृतीयांश पाण्यात उतरवता आली, तर पाऊण किलोच्या आत काम भागते. साधन चांगले असण्याचा आणि ते चांगले वापरण्याचा लाभ केवढा, हे यावरून कळून येईल.

लाकूड ओले असेल तर हा सगळा हिशेब कोसळतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे १ किलो लाकूड जाळले, तर त्यातील अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यातच ३०० हून अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात. ही वाफ ज्वाळेला थंड करते हे त्याहून वाईट. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा मोठा भाग प्रथम वायुरूपाने बाहेर पडतो आणि हे वायू पेटले म्हणजे आपल्याला ज्वाळा दिसते. ज्वाळा थंड पडली की ते वायू न जळताच निसटतात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे न जळलेले इंधनच. डोळे चोळणारी गृहिणी आणि सरपणाचे पैसे मोजणारा गृहस्थ या दोघांचा शत्रू एकच होता. परंतु तक्रार मात्र दोघांच्या दोन स्वतंत्र वह्यांत लिहिली जात असे, आणि पहिलीची वही कोणी उघडतच नसे.

युरोपातही सुधारणेची प्रेरणा आधी लाकडाच्या टंचाईतूनच आली. बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेत १७४० च्या दशकात लोखंडी शेगडी रचली, तेव्हा घरांभोवतीचे जंगल मागे हटत चालले होते. स्वीडनमध्ये १७६७ साली राजाज्ञेने क्रूनस्टेट आणि व्रेडे यांनी विटा-फरशांची उंच शेगडी तयार केली. तिच्यात धुराला वळणावळणाच्या मार्गाने फिरवून त्याची उष्णता विटांत मुरवून घेत. थोडे लाकूड झपाट्याने, भरपूर हवेत जाळावे आणि त्याची ऊब नंतर तासन्‌तास विटांकडून घ्यावी, हे तिचे तत्त्व. बव्हेरियाच्या सेवेतील काउंट रमफर्ड याने १७९० च्या दशकात म्युनिकच्या गरिबांच्या स्वयंपाकघरांसाठी बंदिस्त चुली बांधल्या आणि धुराड्याचा घसा अरुंद करून धूर मागे येण्याचे थांबवले. विस्तव कोंडून, धुमसत ठेवल्याने लाकूड वाचते, हा समज या सर्वांनी खोटा ठरवला. धुमसणारा विस्तव लाकूड खातो, काजळी साठवतो आणि उष्णता देत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला जाणीवपूर्वक हात घातला गेला तो वर्ध्यास. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आमच्यापासून एका दिवसाच्या आतल्या प्रवासाचे हे गाव. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाले. तेथे जी बिनधुराची मातीची चूल आकारास आली, तिला मगनवाडीवरूनच ‘मगन चूल’ असे नाव मिळाले. तिची रचना सोपी होती: एका तोंडातून लाकूड घालावे, ज्वाळा बंदिस्त मार्गाने एकामागून एक भांड्यांखालून जावी आणि उरलेला धूर भिंतीतील धुराड्याने बाहेर पडावा. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी याच दिशेने प्रयोग केले आणि कोट्यवधी घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघराची कल्पना मांडणारी त्यांची पुस्तिका १९५३ साली प्रसिद्ध झाली. धूर हा स्वतंत्र प्रश्न आहे, हे मान्य करणारी ही पिढी होती. स्वयंपाकघरातील सुखसोय हा राष्ट्रीय कामाचा भाग आहे, असे तिने मानले. याबद्दल तिचे ऋण मान्य केले पाहिजे.

याच सुमारास वैद्यकाच्या बाजूनेही एक पान लिहिले जात होते. दिल्लीच्या हृद्रोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९५९ साली फुप्फुसांच्या विकारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर येणाऱ्या ताणाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या उतारवयातील पुरुषांचा रोग. दिल्लीत मात्र तो स्त्रियांतही मोठ्या प्रमाणात आणि लहान वयात आढळत होता. ज्या स्त्रियांनी विडी-सिगारेट कधी हाती धरली नाही, त्यांची फुप्फुसे अशी का व्हावीत, या प्रश्नाने संशयाचे बोट चुलीकडे वळवले. त्यानंतर किर्क स्मिथ यांनी अग्रवाल आणि दवे या शास्त्रज्ञांसह गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धूर उपकरणांनी मोजला. तो निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. अशा रीतीने तो जुना रकाना अखेर आखला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती इंधनाच्या प्रदूषणामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली.

१९८३ सालीच भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. आकडा भव्य आहे. परंतु किती चुली बसवल्या हे मोजणे सोपे आणि वर्षभराने किती पेटत आहेत हे मोजणे कठीण. म्हणून पहिला रकाना भरला गेला आणि दुसरा रिकामा राहिला. धुराडी काजळीने तुंबली, मातीला भेगा पडल्या, भाकरीचा तवा चुलीच्या छिद्रावर नीट बसेना, जाड लाकूड अरुंद तोंडात जाईना म्हणून तोंड फोडून मोठे केले गेले. ज्या स्त्रियांसाठी हे सारे होते त्यांना बांधण्यापूर्वी फारसे विचारले गेले नाही, आणि बांधल्यावर धुराडे कसे झाडावे हे फारसे शिकवले गेले नाही. आम्ही स्वतः तक्ते भरणारे असल्यामुळे या उणिवेकडे उपहासाने पाहू शकत नाही. एवढेच म्हणतो की साधन देणे हे अर्धेच काम असते. ते वापरण्याची विद्या दिली तरच ते काम पुरे होते.

येथपर्यंत वाचून धूर गेला की धोका गेला, असा कोणाचा समज होईल. घरगुती अग्नीच्या इतिहासातील सर्वांत दारुण प्रकरण नेमके याच समजातून उद्‌भवते. रसरसलेल्या निखाऱ्यांना धूर नसतो. म्हणूनच शेगडी माजघरात येऊ शकली आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेकासाठी ठेवली जाऊ लागली. आमच्या छत्तीसगढात हेच स्थान ‘गोरसी’चे. मातीच्या या पसरट पात्रात छेना, म्हणजे गोवरी, पेटवून तिच्या निखाऱ्यांवर थंडीत हात शेकतात आणि न्हाऊ घातलेल्या बालकास ऊब देतात. भोसल्यांच्या अमलापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात नांदत आली. त्यांनी आपली शेगडी येथे आणली आणि गोरसी येथे पाहिली. दोघींत फरक मातीच्या रंगाचाच. परंतु निखारा जेव्हा अपुऱ्या हवेत जळतो, तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत आणि खोकलाही येत नाही. धूर निदान हाकारा तरी घालतो. हा वायू मुकाट्याने येतो.

तो काय करतो हे फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ साली दाखवले. रक्तातील तांबड्या द्रव्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेंहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. ब्रिटनमधील हाल्डेन यांनी १८९५ च्या सुमारास स्वतःच्या देहावर प्रयोग करून त्याची मात्रा आणि परिणाम नोंदवले. तरीही १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमधील आपल्या घरी विख्यात कादंबरीकार एमिल झोला याच वायूने गेले. शयनगृहातील शेगडीचे धुराडे नीट वाहत नव्हते आणि खिडक्या बंद होत्या. जगाच्या अन्यायाविरुद्ध ज्याने आवाज उठवला, त्याला स्वतःच्या खोलीतील वायूची चाहूल लागली नाही. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे हीच काय ती लक्षणे, आणि झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत.

बंबाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १ किलो वाळक्या लाकडाला पुरते जळण्यास सुमारे ४ ते ५ घनमीटर हवा लागते. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सुमारे अडीच मीटर उंच न्हाणीघरात एकंदर हवाच साडेपाच घनमीटरांच्या आसपास भरते. दार लावून, झरोका बुजवून आत बंब पेटवला, तर बंब आणि माणूस हे दोघे एकाच हवेचे भागीदार होतात. जुने लोक बंब अंगणात, पडवीत किंवा न्हाणीच्या उघड्या बाजूस पेटवीत आणि पाणी घागरीने आत नेत. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु मोकळ्या जागेने त्यांचे रक्षण केले. पुढे चाळी आल्या, बंदिस्त स्नानगृहे आली, बंब आत गेला, आणि ते रक्षण आपोआप सुटले.

या साऱ्या इतिहासातून निघणारी व्यवहाराची सूत्रे मोजकी आहेत. जळण पावसाळ्यापूर्वीच फोडून, जमिनीपासून उचलून आडोशाला रचावे. दोन लाकडे एकमेकांवर आपटून टणत्कार आला तर ते वाळले, बद्द आवाज आला तर ओले समजावे. बंबात पाणी भरल्याशिवाय विस्तव कदापि घालू नये; पाणी नसेल तर तांबे तापून सांध्यांची झाळ वितळते आणि पात्र गळू लागते. झाकण घट्ट दाबून बसवू नये, वाफेला वाट असावी. नळकांडे एकदम गच्च भरू नये. बंबफोड थोडी थोडी घालावी, म्हणजे ज्वाळा मोकळी राहते. जाळीखालची राख रोज काढावी, कारण तीच हवेचे दार अडवते. नळकांड्यातील काजळी अधूनमधून खरवडावी. काजळीचा थर उष्णतेला पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही, आणि लांब धुराड्यात ती पेट घेऊ शकते. रॉकेल ओतून विस्तव चेतवण्याचा मोह टाळावा. राख धातूच्या भांड्यात काढून पाणी शिंपडल्याशिवाय केरात टाकू नये. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा बराच वेळ जिवंत असतो. आणि शेगडी, गोरसी किंवा बंब, यांपैकी काहीही पेटते ठेवून बंद खोलीत कोणी झोपू नये.

आज बंब मागे पडला आहे. १९६५ साली इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ गॅस आला, २०१६ साली उज्ज्वला योजनेने गॅस गरिबांच्या दारी नेला, आणि तांब्याचे बंब पुष्कळ घरांत दिवाणखान्याची शोभा होऊन बसले. खेड्यापाड्यांतून, कोकणापासून कोल्हापुरापर्यंत, ते अजूनही पेटतात; थंडीच्या दिवसांत त्या पाण्याची गोडी काही वेगळीच असते, हे मान्य करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु ज्यांनी बंब सोडला त्यांनी त्याचा नियमही सोडला, ही चिंतेची बाब आहे. बंद स्नानगृहात बसवलेला गॅसचा गीझर हा त्या जुन्या बंबाचाच वंशज. तोही खोलीतील हवा घेतो, आणि हवा अपुरी पडली की तोही तोच मुका वायू सोडतो. शहरांतील सुशिक्षित घरांतही त्यामुळे माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. इंधन बदलले, यंत्र चकचकीत झाले, पण हवेचा रकाना कोराच राहिला.

डिसेंबर-जानेवारीत आमच्या वैशाली नगरात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो. कोणाकडे गोरसी पेटते, कोणाकडे सिगडी, कोणाकडे गीझर चालू होतो. बृहन्महाराष्ट्रातील आमच्या वाचकांपैकी कोणी याहूनही थंड मुलखात राहत असतील. त्या सर्वांस आमचे सांगणे एवढेच की, काडी ओढण्यापूर्वी क्रम लक्षात असू द्यावा: आधी झरोका उघडा आहे का ते पाहावे, मग धुराची वाट मोकळी आहे का ते पाहावे, मग पाणी भरावे, आणि शेवटी लाकडाकडे वळावे. आजवर आपण हा क्रम उलटा लावीत आलो. आधी लाकूड मोजले, फार उशिरा धूर मोजला, आणि हवा मोजण्याची वेळ आली तेव्हा पुष्कळदा घरातील माणसे झोपी गेलेली होती.